प्रकाशाने चालू-बंद होणारी प्रथिने: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत रसायनशास्त्र, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. जिवंत पेशीच्या आतल्या वस्तू रंगीत चमकताना दाखवणारी चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्या चित्रांमागे जी प्रथिने असतात, त्यांतली काही नुसती चमकत नाहीत. एका रंगाचा प्रकाश पडला की विझतात, दुसऱ्या रंगाचा पडला की पुन्हा पेटतात, काही तर हिरव्याची कायमची लाल होतात. या प्रथिनांशी ओळख कशी करून घ्यायची, कोणत्या क्रमाने, आणि आपल्याकडच्या सोयींत काय काय जमतं, ते इथे सांगतो.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. बरेच विद्यार्थी थेट सूक्ष्मदर्शकाकडे धाव घेतात, बटणं शिकतात आणि चित्र बिघडलं की अडकतात. इथे प्रकाश हा रसायनातला एक अभिकारक आहे. एक फोटॉन पडला की नेमका कोणता बंध फिरला, कोणता प्रोटॉन सुटला, काय तुटलं, हे तुम्हाला कागदावर काढता आलं पाहिजे. तेवढं जमलं की कोणतं प्रथिन निवडायचं, लेसर किती ठेवायचा, नमुना कसा जपायचा, हे प्रश्न बरेचसे सुटतात.

पायरी १: आधी डोळा तयार करा

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दुकानात नोटा तपासायला जो निळसर-जांभळा दिवा असतो, तो मिळवा. ट्यूबवाल्या दिव्याचा प्रकाश साधारण ३६५ नॅनोमीटरचा असतो. स्वस्त एलईडी टॉर्च बहुतेक ३९५ च्या आसपासचे असतात, तेही चालतात, फक्त त्यांचा जांभळा उजेड डोळ्याला जास्त दिसतो. दिव्याकडे थेट बघायचं नाही, लहान मुलांच्या हाती द्यायचा नाही.

आता रावेर-यावल भागातली केळी घ्या. एक हिरवं, एक नीट पिवळं झालेलं, एक काळे ठिपके पडलेलं. खोलीत अंधार करा आणि दिवा धरा. पिवळ्या केळ्याची साल निळी चमकते. हिरव्याची तशी चमकत नाही. ठिपके पडलेल्यावर बारकाईने बघितलं तर काळ्या डागाभोवती निळ्या प्रकाशाचं कडं दिसतं. घरातली आजी "हाई निळं कसं दिसस?" असं विचारेलच, तर तिला खरं उत्तर द्या: केळं पिकताना सालीतलं हिरवं हरितद्रव्य मोडतं, आणि त्या मोडतोडीतून जे रेणू तयार होतात ते अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश सोडतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाच्या गटाने हे २००८ साली प्रसिद्ध केलं. पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट प्रत्येक शाळेत दाखवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रयोग हळदीचा. चिमूटभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरच्या पिवळ्या द्रावणावर दिवा धरा. हिरवट-पिवळा उजेड द्रावणाच्या आतून येताना दिसेल. आता तेच द्रावण थोडं घेऊन त्यात भरपूर पाणी घाला. चमक खूप उतरते. हळदीतलं पिवळं द्रव्य कर्क्युमिन तेच, पण आजूबाजूचं वातावरण बदललं की शोषलेल्या ऊर्जेचं काय करायचं याच्या रेणूपुढच्या वाटा बदलतात. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढची सगळी प्रथिने याच तत्त्वावर चालतात.

याच वेळी एक सवय लावून घ्या. दिव्याचा उजेड पृष्ठभागावरून नुसता परत येतोय की रेणू नवा प्रकाश सोडतोय, हे तपासायचं. हळदीच्या द्रावणासमोर पिवळी पारदर्शक फाईलची शीट धरून बघा. जांभळा उजेड अडतो, हिरवा पार होतो. सूक्ष्मदर्शकातला एमिशन फिल्टर हेच काम करतो. आणि पांढऱ्या कागदावर किंवा धुतलेल्या पांढऱ्या शर्टावर विश्वास ठेवू नका. त्यांत चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, ती स्वतःच निळी पेटतात.

पायरी २: क्रोमोफोर हाताने काढा

हा सगळा कारभार सुरू झाला एका जेलीफिशपासून, एक्वोरिया व्हिक्टोरिया. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला या जेलीफिश गोळा केल्या आणि १९६२ साली त्यांतलं चमकणारं द्रव्य वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच शोधनिबंधात हिरव्या प्रथिनाचीही नोंद होती. त्याचा जीन डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये वेगळा केला. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी तो जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत चालवून दाखवला. रॉजर त्सिएन यांनी त्यात बदल करून रंग आणि तेज वाढवलं. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे प्रथिन म्हणजे जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन). २३८ अमिनो आम्लं, सुमारे २७ किलोडाल्टन. त्याचा आकार अकरा पट्ट्यांच्या बंद पिंपासारखा आहे आणि चमकणारा भाग, म्हणजे क्रोमोफोर, पिंपाच्या मध्यावर आहे. तो बाहेरून येत नाही, प्रथिन स्वतःच्याच साखळीतून तो घडवतं. ६५ वं सेरीन, ६६ वं टायरोसीन, ६७ वं ग्लायसीन. वही घ्या आणि हे तीन अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) काढा. ग्लायसीनचा नायट्रोजन सेरीनच्या कार्बोनिलवर चाल करतो, पाच अणूंचं वलय बनतं, पाण्याचा रेणू बाहेर पडतो, आणि ऑक्सिजन टायरोसीनच्या बाजूच्या साखळीजवळच्या एकेरी बंधाचं ऑक्सिडेशन करून तो दुहेरी करतो. आता फिनॉलचं वलय आणि नवं वलय सलग जोडलं गेलं, म्हणजे रेणू दृश्य प्रकाश शोषू लागला. या घडणीत प्रत्येक प्रथिनामागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो. ऑक्सिजन नसेल तर प्रथिन बनेल, पण रंगहीन राहील.

यानंतर वहीत दोन चित्रं शेजारी-शेजारी काढा. एकात टायरोसीनच्या टोकाला ओएच, दुसऱ्यात प्रोटॉन गेलेला ऋणभारित ऑक्सिजन. मूळ जीएफपीत पहिलं रूप ३९५ नॅनोमीटरला शोषण करतं, दुसरं ४७५ च्या जवळ. चमक दोन्हींची हिरवीच, ५०८ च्या आसपास, कारण पहिलं रूप प्रकाश शोषल्याबरोबर आपला प्रोटॉन पाण्याच्या रेणूमार्फत आणि २०५ व्या सेरीनमार्फत २२२ व्या ग्लुटामेटकडे पाठवून देतं. एका प्रोटॉनच्या येण्याजाण्याने शोषण तब्बल ८० नॅनोमीटरने सरकतं. प्रकाशाने चालणाऱ्या प्रथिनांचा पाया इथेच आहे.

पिंपाचं काम काय? हाच क्रोमोफोर प्रथिनाशिवाय, एकटा, प्रयोगशाळेत बनवून पाण्यात टाकला तर जवळजवळ चमकतच नाही. दोन वलयांमधला जोड वळतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवला की मात्र चमकतो, कारण वळायला जागा उरत नाही. पिंप हेच काम नेहमीच्या तापमानाला करतं. म्हणून जीएफपी उकळलं की विझतं. आम्ल घातलं तरी मंदावतं, पण त्याचं कारण प्रोटॉन: ईजीएफपी या जीएफपीच्या जास्त तेजस्वी केलेल्या प्रकाराचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा, ६ च्या आसपास आहे, त्याखाली प्रोटॉन परत टायरोसीनवर चढतो आणि निळा प्रकाश शोषणारं रूप कमी होतं.

पायरी ३: प्रकाश नेमकं काय करतो, ते चार प्रकारांत समजून घ्या

१९९७ मध्ये डिक्सन, क्युबिट, त्सिएन आणि मर्नर यांनी जीएफपीच्या बदललेल्या प्रकारांचे एकेक रेणू पाहिले. ते लुकलुकत होते, आणि मग विझून जात होते. कायमचे मेले असं वाटणारे हे रेणू ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश दिल्यावर पुन्हा पेटले. तिथून शोध सुरू झाला.

पहिला प्रकार कर्बवायू सुटण्याचा. २००२ मध्ये जॉर्ज पॅटर्सन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी जीएफपीच्या २०३ व्या थ्रिओनिनच्या जागी हिस्टिडीन घातलं. हे प्रथिन सुरुवातीला ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशात अंधुक असतं. जांभळा प्रकाश दिला की २२२ व्या ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आजूबाजूची हायड्रोजन बंधांची मांडणी बदलते, क्रोमोफोर ऋणभारित रूपात टिकतो आणि चमक सुमारे शंभर पटींनी वाढते. परतीचा रस्ता नाही.

दुसरा प्रकार बंध तुटण्याचा. काएदे नावाचं प्रथिन एका दगडी प्रवाळातून मिळालं, तेही २००२ मध्ये, जपानमध्ये अत्सुशी मियावाकी यांच्या गटाकडे. प्रथिनाची नळी बाकावर उजेडात राहिली आणि हिरवं द्रावण लाल होत गेलं, असं घडलं होतं. यात क्रोमोफोर घडवणाऱ्या तीन अवशेषांतलं पहिलं हिस्टिडीन आहे. जांभळ्या किंवा अतिनील प्रकाशाने साखळीचा कणा तिथे तुटतो आणि हिस्टिडीनचं वलय क्रोमोफोरच्या सलग दुहेरी बंधांत सामील होतं. सलग दुहेरी बंधांची रांग लांबली, म्हणून उत्सर्जन ५१८ वरून ५८२ नॅनोमीटरवर गेलं. ईओस आणि डेंड्रा याच घराण्यातली. यातही परत हिरवं करता येत नाही.

तिसरा प्रकार पाण्याचा आणि दुर्मीळ. २०११ साली आलेल्या ड्रायक्लांग या प्रथिनात क्रोमोफोरच्या वलयावर पाण्याचा रेणू जोडला जातो आणि निघतो. ४०५ ने बंद, ३६५ ने चालू, आणि चित्र घ्यायला तिसराच, ५१५ च्या आसपासचा प्रकाश. बघण्याचा प्रकाश आणि विझवण्याचा प्रकाश वेगळे असणं ही फार मोठी सोय आहे, ती का ते ड्रोन्पाच्या आकड्यांपाशी कळेल.

चौथ्या प्रकारावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवशिक्याने हातात घ्यायचं प्रथिन माझ्या मते हेच: ड्रोन्पा. मियावाकी यांच्याच गटाने २००४ मध्ये प्रवाळातून घडवलेलं. चालू अवस्थेत क्रोमोफोर सिस रूपात (सिस आणि ट्रान्स म्हणजे दुहेरी बंधाभोवतीच्या दोन वेगळ्या मांडण्या) आणि प्रोटॉन नसलेला असतो, सपाट असतो, ५०३ ला शोषण आणि ५१८ ला उत्सर्जन. निळा प्रकाश, म्हणजे ४८८, देत राहिलं की केव्हातरी दोन वलयांमधला दुहेरी बंध फिरतो आणि रूप ट्रान्स होतं. त्या नव्या जागी टायरोसीनचा ऑक्सिजन प्रोटॉन उचलून घेतो, शेजारचं हिस्टिडीन आणि आर्जिनीन आपली जागा सोडतात, क्रोमोफोर सपाट राहत नाही. शोषण ३९० कडे सरकतं आणि हिरवी चमक संपते. ४०५ चा प्रकाश दिला की ट्रान्सचं सिस होतं, प्रोटॉन सुटतो, प्रथिन पुन्हा पेटतं.

आता आकडे बघा, कारण सगळा व्यवहार आकड्यांत आहे. ड्रोन्पाची विझण्याची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्या एका फोटॉनमागे विझण्याची शक्यता, ०.०००३२ आहे आणि पेटण्याची ०.३७. म्हणजे विझायला सरासरी तीन हजारांवर फोटॉन शोषावे लागतात, पेटायला तीनच्या आतबाहेर. त्या तीन हजार वेळांत प्रत्येक वेळी चमकण्याची शक्यता ०.८५, म्हणून विझण्याआधी एक रेणू साधारण २,६०० हिरवे फोटॉन देऊन जातो. यातून दोन गोष्टी लगेच निघतात. जांभळा प्रकाश अगदी थोडा पुरतो, जास्त दिला तर पेशीला इजा होते आणि फायदा शून्य. आणि ज्या प्रकाशाने तुम्ही बघता, त्यानेच तुम्ही विझवत असता. ड्रायक्लांगची सोय इथे लक्षात येते.

विझायला वेळ किती लागेल, तेही काढता येतं. ड्रोन्पाचा मोलर शोषणांक ९५,०००. त्याला ३.८२ गुणिले १० चा उणे २१ वा घात याने गुणलं की एका रेणूचं शोषणक्षेत्र चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतं, अंदाजे ३.६ गुणिले १० चा उणे १६ वा घात. नमुन्यावर ५०३ नॅनोमीटरचा १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रकाश पडतोय असं धरा. प्रत्येक रेणू सेकंदाला सुमारे ९० फोटॉन शोषेल. ३,१२५ भागिले ९०, म्हणजे जवळपास ३५ सेकंद. ४७० च्या एलईडीला शोषण कमी, म्हणून वेळ त्याहून जास्त. हे गणित स्वतः वहीत करा. एकदा केलं की लेसर किती टक्के ठेवायचा हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

पायरी ४: प्रथिनाचं पान वाचायला शिका

एफपीबेस या मोफत संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक चमकणाऱ्या प्रथिनाचं पान आहे. मोबाईलवरही उघडतं. तिथे शोषण आणि उत्सर्जनाचे आलेख, शोषणांक, क्वांटम कार्यक्षमता, पीकेए, परिपक्व व्हायला लागणारा वेळ, आणि कोणता प्रकाश कोणत्या अवस्थेत नेतो याची आकृती असते. नवखा माणूस फक्त तेज बघून निवडतो. तुम्ही आधी एक रकाना बघा: प्रथिन एकटं राहतं की चार-चार एकत्र येतात. प्रवाळांतली मूळ प्रथिने बहुतेक चौकडीत असतात, काएदेही तसंच. ते पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनाला जोडलं तर चार-चार जण नाहक एकत्र बांधले जातात आणि चित्रात गुठळ्या दिसतात, ज्या खऱ्या नसतात. ड्रोन्पा, डेंड्रा-२ आणि एमईओस ३.२ ही सुधारून एकटी राहणारी केलेली आहेत.

त्यानंतर प्रोटीन डेटा बँकेत जाऊन १ईएमए ही जीएफपीची रचना उघडा, पिंप फिरवा आणि आत क्रोमोफोर शोधा. मग ड्रोन्पाच्या चालू आणि बंद दोन्ही रचना शोधून एकमेकींवर ठेवा. हिस्टिडीन कुठे सरकलं ते डोळ्यांनी दिसतं. वहीतलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

पहिल्या प्रयोगासाठी एमईओस घेऊ नका, असं मी सांगेन. हिरव्याचं लाल एकदाच होतं, चुकलं की नमुना गेला. ड्रोन्पाचा एकच थेंब तुम्हाला पुन्हा पुन्हा शिकवतो.

पायरी ५: प्रथिन बनवणं

हे काम घरी करायचं नाही. जनुक बदललेले जिवाणू वाढवायला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, १९८९ च्या नियमांनुसार त्यांची परवानगी घ्यावी लागते. कॉलेजात समिती नसेल तर जळगावच्या विद्यापीठासारख्या, जिथे समिती आहे अशा ठिकाणच्या मार्गदर्शकाशी बोलून त्यांच्या प्रयोगशाळेत काम करा. प्लाझ्मिड (प्रथिनाचा जीन असलेलं डीएनएचं वर्तुळ) अॅडजीनसारख्या ना-नफा संस्थेकडून संस्थेच्या नावाने मागवता येतो.

पद्धत नेहमीचीच: ई. कोलाय बीएल२१, प्रथिनाला सहा हिस्टिडीनची शेपटी, ओडी (जिवाणूंमुळे येणारी गढूळता) ०.६ च्या आसपास आली की आयपीटीजी हे जीन चालू करणारं रसायन (हेच इंडक्शन), मग निकेलच्या कॉलमवरून शुद्धीकरण. फरक तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी आपलं हवामान आडवं येतं.

एक म्हणजे तापमान. इंडक्शननंतर १८ ते २० अंशांवर रात्रभर ठेवलेलं बरं, कारण सावकाश बनलेलं प्रथिन नीट घडी घेतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा साधा शेकर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. थंड करणारा शेकर लागतो, आणि त्याला इन्व्हर्टरचा आधार. रात्री वीज गेली आणि फ्लास्क थांबला तर नुकसान दुहेरी: तापमान चढतं आणि हवा मिळत नाही. ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावीत, हा माझा आग्रहाचा सल्ला.

दुसरी हवा. क्रोमोफोर घडायला ऑक्सिजन लागतो, म्हणून एक लिटरच्या फ्लास्कमध्ये दोनशे मिलिलिटरच्या वर माध्यम भरू नका. पेलेट (फिरवून तळाला बसवलेले जिवाणू) फिकट दिसली तर निराश होऊन फेकू नका. झाकण सैल ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बरीच हिरवी झालेली दिसू शकते.

तिसरा उजेड. काएदेची नळी उजेडात लाल झाली होती, आणि आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात जांभळा-निळा प्रकाश भरपूर असतो. खिडकीजवळच्या बाकावर ईओस किंवा डेंड्रा ठेवलं तर प्रयोगाआधीच ते अर्धवट बदललेलं असेल. नळ्यांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, खिडकीला काळा कागद लावा. काम झाल्यावर उरलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचं.

पायरी ६: चालू-बंद स्वतः बघा आणि मोजा

लागतं ते इतकं: ४७० नॅनोमीटरचा निळा एलईडी, ४०५ चा जांभळा एलईडी, खोक्याला आतून काळा रंग, नारिंगी फिल्टरची शीट, आणि फोन. डोळ्यांना नारिंगी चष्मा हवाच, विशेषतः ४०५ साठी.

द्रावण क्युव्हेटमध्ये घेऊन बसू नका. रेणू द्रावणात फिरत राहतात, विझलेले प्रकाशाच्या पट्ट्यातून बाहेर जातात, नवे आत येतात, आणि वाटतं की प्रथिन विझतच नाही. एक थेंब स्लाइड आणि कव्हरस्लिपमध्ये दाबा, किंवा सरळ आगर प्लेटवरच्या वसाहतींवर प्रयोग करा. वसाहतींवर तो फार देखणा होतो. मध्ये कागदाचा कापलेला आकार ठेवून निळा प्रकाश दिला तर उघडा भाग विझतो आणि आकार हिरवा उरतो. मग जांभळ्याचा छोटा झोत, आणि पूर्ण प्लेट पुन्हा हिरवी.

फोनची एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक केल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही. फोन अंधार दिसला की स्वतःच उजळ करतो आणि तुमचा आलेख सपाट होतो. व्हिडिओ काढा, फ्रेम वेगळ्या करा, फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वसाहतीच्या जागी चौकोन काढून सरासरी तेज मोजा. पार्श्वभूमीचं तेज वजा करा. वेळेविरुद्ध तेजाचा लॉगरिदम काढा. सरळ रेषेच्या जवळ काही आलं तर प्रथम क्रमाची अभिक्रिया दिसतेय. एलईडीचा प्रवाह कमी करून प्रकाश निम्मा करा, विझायला लागणारा वेळ दुप्पट झाला पाहिजे. झाला नाही तर एलईडीची खरी शक्ती मोजा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

शेजारी साध्या ईजीएफपीची वसाहत ठेवणं सक्तीचं समजा. तीही मंदावली आणि जांभळ्या प्रकाशाने परत आली नाही, तर तुम्ही रेणू जाळताय, बंद करत नाही. ड्रोन्पाचंही प्रत्येक फेरीत थोडं तेज कायमचं जातं. दहा-वीस फेऱ्यांनंतर वरचं टोक किती खाली आलं, त्याचा आलेख ठेवा. आणखी एक मोजमाप करण्याजोगं आहे: विझवून अंधारात ठेवा आणि बघा किती वेळात आपोआप पेटतं. ड्रोन्पा तासन्‌तास बंद राहतो, त्याचे काही बदललेले प्रकार मिनिटांत किंवा सेकंदांत परततात. हा परतीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे डिसेंबरचे आणि एप्रिलचे आकडे एकाच तक्त्यात मांडताना खोलीचं तापमान लिहायला विसरू नका.

पायरी ७: सूक्ष्मदर्शकात याचा उपयोग कसा होतो

दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. अॅबे यांनी हे १८७३ मध्येच मांडलं होतं. रात्री पंपाची लाईट आली की शेतात पाणी धरायला टॉर्च घेऊन माणसं निघतात. लांबच्या टेकडीवरून सगळे टॉर्च एका उजेडाच्या पट्ट्यात मिसळतात. पण एका वेळी एकच टॉर्च पेटला, तर तो नेमका कोणत्या बांधावर आहे हे बोटाने दाखवता येतं. एकेक करून सगळ्यांची जागा नोंदवली की पूर्ण शिवाराचा नकाशा मिळतो. २००६ मध्ये एरिक बेट्झिग आणि सॅम्युएल हेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हेच केलं: जांभळा प्रकाश इतका कमी दिला की एका वेळी मोजकेच रेणू पेटतील, त्यांचे मध्य काढले, विझू दिले, पुन्हा नवे पेटवले. बेट्झिग यांच्या पद्धतीचं नाव पाम.

जागा किती अचूक काढता येते? डागाची रुंदी भागिले मिळालेल्या फोटॉनच्या संख्येचं वर्गमूळ. डागाचं प्रमाण विचलन १०० नॅनोमीटर आणि ४०० फोटॉन मिळाले, तर आदर्श स्थितीत ५ नॅनोमीटर. कॅमेऱ्याचा गोंगाट आणि पार्श्वभूमी धरली की प्रत्यक्षात आकडा वाढतो. म्हणूनच पामसाठी लोक एमईओस ३.२ सारखी, विझण्याआधी भरपूर फोटॉन देणारी प्रथिने निवडतात. स्टेफान हेल यांच्या रेझोल्फ्ट पद्धतीत उलटी गरज असते. तिथे कडेचे रेणू मुद्दाम विझवून मधलाच ठिपका पेटता ठेवतात आणि तो ठिपका सरकवत नेतात, म्हणजे प्रत्येक रेणूने अनेकदा चालू-बंद होऊन टिकलं पाहिजे. त्यासाठी २०११ मध्ये आरएसईजीएफपी हा पुन्हा पुन्हा चालू-बंद होणारा ईजीएफपीचा प्रकार आला. बेट्झिग, हेल आणि मर्नर यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका कामाला उत्तम असलेलं प्रथिन दुसऱ्या कामाला वाईट का, याचं उत्तर तुम्हाला आता वहीतल्या क्वांटम कार्यक्षमतेवरून देता येईल.

पामचा सराव यंत्राशिवाय होतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठाने सॉफ्टवेअरच्या स्पर्धेसाठी ठेवलेले नमुना व्हिडिओ मोफत उतरवता येतात. फिजीत थंडरस्टॉर्म हे प्लगइन टाका आणि त्यावर चालवा. साधा लॅपटॉप पुरतो, फक्त आधी छोटा व्हिडिओ घ्या.

पायरी ८: खऱ्या यंत्रापर्यंत जाताना

असे सूक्ष्मदर्शक पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत आहेत. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कोणत्या संस्थेत कोणतं उपकरण आहे आणि शुल्क किती, ते शोधता येतं. मार्गदर्शकांच्या सहीने अर्ज करा आणि अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: प्रथिन कोणतं, त्याला लागणारे लेसर कोणते, नमुना जिवंत की स्थिर केलेला. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्थिर केलेला नमुनाच न्यावा. पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर केल्यावरही ही प्रथिने चमकतात, आणि भुसावळहून रात्रभराच्या प्रवासात जिवंत पेशी सांभाळण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे. माध्यमाचा सामू ७.४ च्या आसपास ठेवा, आम्लधर्मी झालं तर पायरी दोनमधला प्रोटॉन परत चढतो. स्लाइडचा डबा फॉइलमध्ये, फॉइल काळ्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या खोक्यात. सोबत ईजीएफपीचा नमुना आणि काहीच चमकणारं नसलेल्या पेशींचा नमुना असे दोन्ही न्या. पेशी स्वतःही थोड्या हिरव्या दिसतात, ते वेगळं काढायला दुसरा लागतो.

यंत्र चालवणाऱ्या ताई-दादांना एक प्रश्न जरूर विचारा: नमुन्यावर पडणारी लेसरची शक्ती वॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये किती? पडद्यावर टक्के दिसतात, आणि एका यंत्राचे दहा टक्के दुसऱ्या यंत्राच्या दहा टक्क्यांशी जुळत नाहीत. पॉवर मीटर असेल तर मोजून घ्या, प्रकाशित भागाचं क्षेत्रफळ विचारा, भागाकार करा आणि तो आकडा प्रत्येक चित्राच्या फाईलच्या नावात लिहा. घरी आल्यावर पायरी तीनमधलं गणित त्याच आकड्यावर पुन्हा करा आणि रेणू खरंच तितक्या वेळात विझले का ते व्हिडिओत तपासा.